सरकारी शाळेत आरती, आवारात देऊळ, दसऱ्याला पाटीपूजन: कायदा नेमका कुठं आडवा येतो?

करवीर_पालक:

नमस्कार मंडळी. प्रश्न करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेबद्दल आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तीन सूचना येणार आहेत. दर शनिवारी परिपाठानंतर मारुतीची आरती घ्यायची. आवारात पिंपळाखाली लोकवर्गणीतून छोटं देऊळ बांधायचं. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन दरवर्षीसारखं करायचं. दोन पालकांनी लेखी हरकत दिली आहे. त्यावर एक गट म्हणतो, "अमेरिकेत शाळेत प्रार्थनेलाच बंदी आहे, आपणही धर्मनिरपेक्ष आहोत, सगळं बंद करा." दुसरा गट म्हणतो, "आपल्या घटनेत धर्म आणि राज्य वेगळं ठेवा असं कुठंही लिहिलेलं नाही, बहुमतानं ठराव करा आणि मोकळे व्हा."

कलम कुठलं, निकाल कुठले आणि ठराव कसा लिहायचा, एवढं नेमकं हवं आहे. भांडण वाढवायचं नाही, पण हरकत घेणारी दोन घरं गावात एकटी पडता कामा नयेत.

पंचगंगा_काठ:

आधी शाळा कुणाच्या पैशावर चालते ते बघा, बाकीचं त्यावरून ठरतं.

घटनेचं कलम २८ तीन तऱ्हेच्या शाळांना तीन वेगळे नियम लावतं. २८(१) प्रमाणे, संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा यात येतात. इथं संमतीला जागाच नाही. गावातल्या झाडून सगळ्या पालकांनी सह्या केल्या तरी उत्तर नाही असंच राहतं. २८(२) हा अपवाद आहे: शाळा राज्य चालवतं, पण ती ज्या दाननिधीतून किंवा न्यासातून निघाली त्याची अटच धार्मिक शिक्षण देण्याची आहे. अशा शाळा फार थोड्या, तुमची त्यात नाही. २८(३) मात्र सगळ्यांना लागू पडतं. राज्यानं मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या कुठल्याही संस्थेत, विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा तिथल्या उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्याची स्वतःची संमती लागते, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची.

इथं दोन शब्द लोक सोडून वाचतात. पहिला "मान्यता". त्यामुळं कोल्हापुरातल्या अनुदानित हायस्कुलांबरोबर स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळाही यात येतात. "आम्ही सरकारचा पैसा घेत नाही" हे उत्तर चालत नाही. दुसरा शब्द "संमती". संमती आधी घ्यायची असते. कुणी तक्रार केली नाही म्हणजे संमती झाली असं धरता येत नाही. प्रवेश अर्जाच्या तळाशी छापलेली "शाळेचे सर्व उपक्रम मान्य आहेत" ही ओळ मी तरी संमती मानणार नाही, कारण कुठल्या उपासनेला होकार दिला हे त्यातून कळतच नाही.

आणखी एक बारकावा. २८(१) मध्ये शब्द फक्त "धार्मिक शिक्षण" आहे, "उपासना" नाही. त्यावरून काही जण म्हणतात की जिल्हा परिषदेच्या शाळेत आरती चालते, फक्त शिकवणं चालत नाही. पण २८(३) मध्ये दोन्ही शब्द आहेत, आणि संस्थेला लागून असलेल्या जागेचाही उल्लेख आहे. शनिवारची आरती शाळेनं ठरवली, शिक्षकानं घेतली आणि मुलं रांगेत उभी राहिली, तर २८(३) चा भंग होतो. चार शनिवारी तीच आरती पाठ करून घेतली की शिकवणं आणि उपासना यातली रेषाही पुसली जाते.

धर्मांबद्दल माहिती देणं ही वेगळी गोष्ट, तिला आडकाठी नाही. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी धार्मिक शिक्षण आणि धर्माचा अभ्यास यात फरक केला होता. १९७१ च्या डीएव्ही कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गुरू नानकांचं जीवन आणि विचार अभ्यासणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात हीच वाट पुढं नेली: सगळ्या धर्मांची ओळख अभ्यासक्रमात असू शकते, एखाद्या धर्माचे विधी शिकवणं त्यात बसत नाही.

आवारातल्या देवळाचा विषय सरळ आहे. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर देऊळ, मशीद, चर्च किंवा गुरुद्वाराचं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असा आदेश दिला. शाळेची जागा जिल्हा परिषदेची असेल तर तिच्यावर बांधकामाची परवानगी द्यायचा अधिकार समितीला मुळात नाही. वर्गणी गोळा व्हायच्या आधीच हे बैठकीत सांगा. पैसे जमल्यावर सांगितलं की माणसं दुखावतात.

फळा_खडू:

कायदा वर आलाच आहे, मी रोजच्या परिपाठाबद्दल लिहितो. खरा घोळ तिथं होतो.

परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि शेवटी पसायदान किंवा मौन असा क्रम साधारण असतो. यातल्या पहिल्या चार गोष्टींचा धर्माशी संबंध नाही. प्रार्थना निवडताना एक साधी कसोटी लावा: तीत एखाद्या विशिष्ट देवाचं नाव घेऊन स्तुती आहे का? साने गुरुजींची प्रार्थना म्हणूनच इतक्या शाळांत टिकली. तिच्यात देवाकडं मागणं कमी आणि माणसानं काय करावं हेच जास्त आहे. आठवड्याला प्रार्थना बदलली तरी चालते, पण "सोमवारी यांची, मंगळवारी त्यांची" अशी धर्मवार वाटणी करू नका. मग मुलं आपला वार आणि त्यांचा वार मोजायला लागतात.

हजेरी परिपाठाच्या आधी घ्या किंवा वर्गात गेल्यावर. प्रार्थनेच्या रांगेत कधीच घेऊ नका, नाहीतर प्रार्थना टाळणारं मूल कागदावर उशिरा आलेलं किंवा गैरहजर दिसतं.

हात जोडायची, डोळे मिटायची सक्ती नको. शांत उभं राहणं पुरेसं. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रगीताबाबतही हेच धरलं: केरळमधली तीन मुलं आदरानं उभी राहत होती, पण धार्मिक श्रद्धेमुळं गात नव्हती, त्यांना शाळेतून काढणं बेकायदा ठरलं. राष्ट्रगीताला जर ही मुभा आहे तर आरतीला किती असेल याचा विचार करा. शिक्षकांनाही ती आहे. नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, त्या प्रकरणात २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग ठरवली.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे "ज्याला नको त्यानं बाहेर व्हरांड्यात थांबावं". कागदावर ती सवलत दिसते. पण आठ वर्षांचं पोर सगळ्या शाळेदेखत एकटं बाहेर उभं राहिलं की ती शिक्षाच होते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारण्याइतकंच मानसिक त्रासालाही मनाई करतं. शाळेच्या वेळेतला कार्यक्रम असा हवा की कुणालाच बाहेर जावं लागणार नाही.

वेळेचा हिशेबही बैठकीत मांडा, तो लोकांना पटतो. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवं. रोज दहा मिनिटं जादा घातली तर २०० दिवसांत २००० मिनिटं, म्हणजे तेहतीस तासांवर वेळ जातो. प्राथमिकला रोजचे चार तास धरले तर आठ दिवस शाळा बुडाल्यासारखं झालं.

पोषण आहाराआधीचा श्लोकही यातच येतो. म्हणू द्या, पण श्लोक म्हटल्याशिवाय ताट नाही असं कुणी करत असेल तर ते त्याच दिवशी थांबवा. जेवण हा मुलाचा हक्क आहे, त्याला अशी अट लावता येत नाही.

दसरा_चौक:

वरचं बरंचसं पटलं, पण पाटीपूजनाला उपासना म्हणून एका झटक्यात बाजूला सारणं मला पटत नाही. पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, फूल वाहायचं, पाटी-पुस्तकाला नमस्कार करायचा. कोल्हापुरात कारखान्यातलं यंत्र, शेतातलं अवजार, रिक्षा, सगळ्यांनाच खंडेनवमीला फूल लागतं. ज्या साधनावर आपलं पोट चालतं त्याला हात जोडणं ही कामाबद्दलची कृतज्ञता आहे. धर्माच्या नावाखाली सगळं उचलून बाहेर टाकलं तर सरकारी शाळेतल्या मुलाला सणाचं नाव तेवढं उरेल. मग पालक म्हणतील, खासगी शाळेत संस्कार तरी होतात. पट आधीच कमी होतोय, हे विसरू नका.

आणि सर्वधर्मसमभाव म्हणजे सगळ्यांचं काढून टाकणं असा अर्थ आपल्याकडं कधीच नव्हता. ईदचा शिरखुर्मा, नाताळची गोष्ट, महावीर जयंती, बुद्धपौर्णिमा, सगळंच शाळेत यावं असं माझं म्हणणं आहे.

पंचगंगा_काठ:

दसरा_चौक, तुमची काळजी खरी आहे. पट घसरण्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. पाटीपूजन काठावरचं आहे हेही कबूल.

म्हणून विधी आणि माहिती वेगळी करा. पाट्या मांडा, मुलांना त्यावर हवं ते काढू द्या: सरस्वती, सूर्य, आपलं नाव, पहिलं अक्षर. खंडेनवमीला अवजारं का पुजतात, कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं कसं लुटतात, हे शिक्षकानं सांगावं. यात कुणाचीच अडचण नाही. अडचण नारळ, आरती आणि ओवाळणीपासून सुरू होते, कारण तिथं मुलाला श्रद्धेची कृती करावी लागते. नमस्कार ज्याला करायचा त्यानं करावा, शिक्षकानं रांग लावू नये. प्रसाद हातोहात वाटत फिरू नये. एका मुलानं हात मागं घेतला की चाळीस डोळे त्याच्याकडं वळतात. खोबरं-साखर टेबलावर ठेवा, घेणारा घेईल. आणि फूल-नारळासाठी वर्गात दहा-दहा रुपये गोळा करून न देणाऱ्यांची नावं वाचणं तर नकोच.

सगळ्यांचे सण यावेत हे तुमचं म्हणणं मान्य, पण ते खरोखर सगळ्यांचे आले पाहिजेत. वर्षभराचं वेळापत्रक जूनमध्येच करून भिंतीवर लावा. एका धर्माचे अकरा कार्यक्रम आणि बाकीच्यांना फळ्यावर एक ओळ, असं झालं तर समभावाचा दावा त्या कागदावरच खोटा पडतो.

खासबाग_मैदान:

अमेरिकेचा दाखला पहिला गट चुकीचा देतोय, म्हणून तेवढंच लिहितो. जरा लांबेल.

"अमेरिकेत शाळेत प्रार्थनेला बंदी" हे खरं नाही. बंदी शाळेनं घ्यायच्या प्रार्थनेला आहे. मुलानं डबा उघडण्याआधी मनात देवाचं नाव घेतलं, मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर प्रार्थना केली, तर कुणी अडवत नाही. तिथल्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. सरकारनं कुठलाही धर्म प्रस्थापित करू नये आणि धर्मपालनाला अडथळा करू नये, असे दोन भाग तीत आहेत. धर्म आणि राज्य यांच्यात "भिंत" आहे असं म्हणतात, पण हा शब्द दुरुस्तीत नाही. तो जेफरसन यांच्या १८०२ च्या पत्रातला, आणि १९४७ च्या एव्हरसन खटल्यात न्यायालयानं तो उचलला. गंमत म्हणजे त्याच खटल्यात धार्मिक शाळेत जाणाऱ्या मुलांचं बसभाडं पालकांना परत देणं वैध ठरलं.

१९६२ चा एंगल खटला तुमच्या कामाचा आहे. न्यूयॉर्क राज्यानं बावीस इंग्रजी शब्दांची, कुठल्याही पंथाचं नाव नसलेली प्रार्थना शाळांना दिली होती. नको असेल त्यानं गप्प बसावं किंवा बाहेर जावं अशी सोयही होती. तरी ती रद्द झाली, कारण प्रार्थना लिहिणं हे सरकारचं काम नाही असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पुढच्या वर्षी शाळेनं घेतलेलं बायबलवाचनही गेलं. १९५२ च्या झोराक खटल्यात मात्र, पालकांच्या लेखी विनंतीवरून मुलांना शाळेच्या वेळेत आवाराबाहेर धर्मशिक्षणाला सोडणं चालेल असं ठरलं.

आता वारा फिरलाय. २०२२ मध्ये फुटबॉल प्रशिक्षकानं सामन्यानंतर मैदानात गुडघे टेकून केलेली प्रार्थना सहा विरुद्ध तीन मतांनी त्याचा हक्क ठरली. २०२४ मध्ये लुईझियाना राज्यानं प्रत्येक सरकारी वर्गात कमीत कमी ११ बाय १४ इंचांचा दहा आज्ञांचा फलक लावायचा कायदा केला आणि तो लगेच कोर्टात गेला. तेव्हा अमेरिकेकडं बोट दाखवून आपला प्रश्न सुटणार नाही.

शिवाय तशी भिंत आपल्याकडं उभी राहूच शकत नाही. अंबाबाई आणि जोतिबाच्या देवळांचा कारभार सरकारनं नेमलेली देवस्थान समिती बघते. कलम २५ राज्याला धर्माच्या ऐहिक व्यवहारात आणि समाजसुधारणेसाठी हात घालायची परवानगी देतं. आपल्या घटनेनं सगळीकडं भिंत घातली नाही, पण सरकारी शाळेच्या दाराशी मात्र स्पष्ट रेघ ओढली. दुसऱ्या गटाला हे सांगा.

ही रेघ कोल्हापूरला परकी नाही. शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून वसतिगृहं निघाली ती जातीधर्मवार: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क. पण १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते सगळ्यांसाठी, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवलं. राहायची सोय आपापल्या समाजात, वर्ग मात्र एकच. त्याच १९१९ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेज आर्य समाजाकडं सोपवलं हेही खरं, म्हणून त्यांना आजच्या अर्थानं धर्मनिरपेक्ष म्हणायची घाई करू नये. पण वर्ग सगळ्यांचा, ही गोष्ट त्यांनी घालून दिली.

करवीर_पालक:

फार उपयोग झाला. आता दोनच प्रश्न. ठरावाचे शब्द काय असावेत? आणि बहुमतानं उलटा ठराव झाला तर पुढं काय?

फळा_खडू:

विषय अजेंड्यावर लेखी घ्या. "ऐनवेळच्या विषयात" घेतला तर ठरावाला जोर राहत नाही. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. त्या सगळ्यांना नोटीस पोचल्याची सही घ्या. हरकत घेणाऱ्यांची नावं इतिवृत्तात घालू नका, "दोन पालकांचे लेखी निवेदन प्राप्त झाले" एवढं बस. निवेदनाला आवक क्रमांक द्या आणि पोच द्या.

ठराव असा लिहिता येईल: "शाळेच्या वेळेत अथवा आवारात कोणत्याही एका धर्माची आरती, पूजा अथवा नामजप शाळेचा उपक्रम म्हणून घेतला जाणार नाही. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका व कोणत्याही एका धर्माची नसलेली प्रार्थना राहील. प्रार्थना म्हणणे अथवा हात जोडणे ऐच्छिक राहील व त्यावरून कोणत्याही विद्यार्थ्यास वेगळे उभे केले जाणार नाही. सर्व धर्मांच्या सणांची माहिती वार्षिक वेळापत्रकानुसार दिली जाईल. आवारात धार्मिक बांधकाम करण्यात येणार नाही व त्यासाठी वर्गणी स्वीकारली जाणार नाही." खाली सूचक, अनुमोदक, अध्यक्षांची आणि सचिव म्हणून मुख्याध्यापकांची सही.

यात कुणाचंही, कुठल्या देवाचंही नाव नाही. मुद्दामच. मारुतीच्या आरतीला नकार असं लिहिलं की उद्या गावात बातमी वेगळीच फिरते.

पंचगंगा_काठ:

उलटा ठराव झाला तरी कलम २८ रद्द होत नाही. मूलभूत हक्कावर हात वर करून मतदान होत नसतं. मुख्याध्यापकांनी इतिवृत्तात "सदर ठराव कलम २८ शी विसंगत असल्याने मार्गदर्शन मागविले आहे" असा शेरा मारून तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत अंमल करू नये. पालकांना स्वतः जायचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करता येते. निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील आहे. तक्रारीत तारीख, वेळ, कार्यक्रम काय होता, तो कुणी घेतला आणि मूल त्या वेळी कुठं होतं, या पाच गोष्टी लिहा. "धार्मिक वातावरण आहे" असं मोघम लिहिलेली तक्रार कुठल्याच टेबलावरून पुढं सरकत नाही.

दसरा_चौक:

ठरावाला माझी हरकत नाही. एकच भर घाला: शनिवारची आरती ज्यांना हवी आहे त्यांना गावातल्या मारुतीच्या देवळात सकाळी, शाळा भरायच्या आधी, पालकांनी घेऊन जावं. शिक्षकांवर ते काम नको, हजेरीही नको. एवढं बैठकीत आपणहून सुचवलंत तर पहिल्या गटाइतकाच दुसरा गटही घरी समाधानानं जाईल.

करवीर_पालक:

हे ठरावाच्या बाहेर, तोंडी सूचना म्हणून मांडतो. नोटीस सोमवारी काढतोय.